टाइम सिग्नेचर, बार आणि ताल: माझ्या क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला मी कीबोर्ड आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) शिकवते. शिकायला येणाऱ्यांत दुसरीतली पोरं आहेत तसे निवृत्त बँकवालेही आहेत. निम्म्यांच्या घरी कुणीतरी तबला वाजवतं, भजनात टाळ धरतं, नाहीतर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या दोन-चार परीक्षा देऊन बसलेलं असतं. त्यामुळे टाइम सिग्नेचरचा विषय निघाला की प्रश्न थेट दादरा आणि त्रितालावर येतात. परदेशी पुस्तकांत त्यांची उत्तरं नसतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवते.

सुरुवातीला एकावर एक लिहिलेले दोन आकडे काय सांगतात?

या दोन आकड्यांनाच टाइम सिग्नेचर म्हणतात. वरचा आकडा सांगतो, एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागात, किती बीट मोजायचे. बीट म्हणजे आपली मात्रा असं तूर्त धरून चाला. खालचा सांगतो, एक बीट कोणत्या नोटेला द्यायचा. २ म्हणजे मिनिम, ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर, १६ म्हणजे सेमिक्वेव्हर. अमेरिकन पुस्तकांत यांनाच हाफ, क्वार्टर, एट्थ, सिक्स्टीन्थ म्हणतात. नावं वेगळी, चिन्हं तीच.

खाली ३, ५ किंवा ६ का दिसत नाहीत, हा प्रश्न दर बॅचला एक तरी मूल विचारतंच. सेमिब्रीव्ह ही एक अख्खी नोट धरली, तर पुढची प्रत्येक नोट आधीच्या नोटेच्या निम्मी असते: दोन मिनिम, चार क्रॉचेट, आठ क्वेव्हर. त्या साखळीत 'एक-तृतीयांश' किमतीची नोटच नाही, म्हणून तो आकडाही नाही.

म्हणजे हा अपूर्णांकच झाला ना?

नाही. आकड्यांच्या मधून जाणारी रेघ पाहून तसं वाटतं, पण ती भागाकाराची रेघ नसून स्टाफच्या पाच रेघांपैकी मधली, तिसरी रेघ आहे. वरचा आकडा वरच्या दोन घरांत बसतो, खालचा खालच्या दोन घरांत, आणि मधली रेघ दोघांच्या मध्ये येते.

माझ्याकडे सातवीतला एक मुलगा होता, गणितात फार तल्लख. थिअरीच्या सराव पेपरात त्याने ६/८ ला दोनने छेद देऊन ३/४ केलं होतं. पुढच्या ओळीत ४/४ बरोबर १, आणि खाली दोन रेघा मारून 'उत्तर: १'. गणित बिनचूक होतं. मी लाल पेन हातात घेऊन बराच वेळ नुसती बसले, कारण तो कुठे चुकला हे दोन वाक्यांत सांगता येईना. त्या शोधातून पुढचं उत्तर तयार झालं.

३/४ आणि ६/८ दोन्हींत सहा क्वेव्हर मावतात. मग फरक काय?

गावदेवी मंडईत जा. 'कांदा' हा शब्द दोन ठोक्यांचा: कां-दा. 'टोमॅटो' तीन ठोक्यांचा: टो-मॅ-टो. आता सगळे ठोके सारख्या अंतराने म्हणा आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या ठोक्यावर टाळी द्या.

३/४: कांदा, कांदा, कांदा. टाळ्या तीन.
६/८: टोमॅटो, टोमॅटो. टाळ्या दोन.

ठोके दोन्हीकडे सहाच आणि एकूण वेळही तेवढाच. पण पहिल्यात शरीर तीनदा डोलतं, दुसऱ्यात दोनदा. कागदावर हे क्वेव्हरच्या शेपट्या कशा बांधल्यात त्यावरून ओळखता येतं. ३/४ मध्ये बीटनुसार दोन-दोनच्या जोड्या दिसतात (कधी सहाही एकाच दांड्याखाली असतात), ६/८ मध्ये तीन-तीनचे गट. माझा आग्रह असा की आकडे वाचण्याआधी या बांधणीकडे नजर टाका. आकडा एकदाच लिहिलेला असतो, बांधणी प्रत्येक बारमध्ये डोळ्यांसमोर असते.

आता एक कबुली. वर सांगितलेला 'वरचा आकडा म्हणजे बीट' हा नियम इथे फसतो. ६/८ मध्ये वर ६ आहे, पण जाणवणारे बीट दोनच, आणि प्रत्येक बीट डॉटेड क्रॉचेटचा, म्हणजे तीन क्वेव्हरचा. वर ६, ९ किंवा १२ दिसले की तीनने भागा: दोन, तीन, चार बीट. याला कंपाउंड टाइम म्हणतात. ज्यात बीटचे सरळ दोन भाग पडतात ते सिंपल टाइम: २/४, ३/४, ४/४. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर सिंपल म्हणजे चतस्र (दोन-चारच्या वाटणीच्या) अंगाने चालणारं आणि कंपाउंड म्हणजे तिस्र (तीनच्या वाटणीचं). चाल अगदी संथ असेल तर ६/८ सहा बीट मोजूनही वाजवतात, पण तो अपवाद.

दादरा म्हणजे ६/८, केरवा म्हणजे ४/४, त्रिताल म्हणजे ४/४ चे चार बार. बरोबर ना?

मोजण्यापुरतं बरोबर. दादऱ्याच्या सहा मात्रा, तीन-तीन: धा धी ना, धा ती ना. केरव्याच्या आठ, चार-चार: धा गे ना ति, न क धि न. त्रितालाच्या सोळा, चार-चारचे चार विभाग. बारमध्ये हे सगळं आरामात बसतं.

पण टाइम सिग्नेचर म्हणजे नुसता मापाचा डबा. त्यात साखर भरली की रवा, ते डब्याला ठाऊक नसतं. तालात मात्रांच्या संख्येबरोबर ठेका (ठरलेले बोल) असतो, टाळी (जोराची जागा) असते आणि खाली (मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा) असते. दादऱ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात 'ती ना' आलं की डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पोकळ होतं. त्रितालात नवव्या मात्रेपासून खालीचा विभाग येतो, हातावर ताल देताना आपण तिथे तळहात उलटा करतो. या उलट्या हाताला स्टाफ नोटेशनमध्ये चिन्ह नाही. पाश्चात्त्य बारमध्ये पहिला बीट जोरकस, ४/४ असेल तर तिसरा थोडा कमी जोरकस, बाकीचे हलके. 'इथे मुद्दाम रिकामं ठेवलंय' असं काही त्या आकड्यांतून कळत नाही.

म्हणून त्रितालाचे चार बार लिहिले तर चारही सारखेच दिसतात. तिसरा बार वेगळा आहे हे वाजवणाऱ्याला कानानेच कळावं लागतं, नाहीतर मी करते तसं पेन्सिलीने वर शून्य काढावं लागतं.

सम म्हणजेच बारचा पहिला बीट का?

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. जागा तीच, पण तिचं काम वेगळं. आणि ही गोष्ट मी चारचौघांत फजिती होऊन शिकले आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका सोसायटीच्या दिवाळी पहाटेला माझे दोन गिटारवाले विद्यार्थी आणि एक तबलजी असा घाट घातला. शेवटी साधी तिहाई: तीन मात्रांचा तुकडा तीनदा, नवव्या मात्रेपासून. मोजून पाहा: ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६ आणि शेवटचा धा पुढच्या समेवर. मुलांसाठी मी कागदावर ४/४ चे चार बार लिहिले, सोळा मात्रा झाल्या, शेवटी जाड दुहेरी रेघ मारली. पहाटे साडेसहाला मुलं त्या रेघेवर तंतोतंत थांबली. सोळा झाल्या, संपलं. मग तबल्याचा धा एकटाच पडला, समोर चहाचे कप खाली ठेवण्याचा आवाज ऐकू येईल इतक्या शांततेत. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मान हलवली, पण ती दाद नव्हती.

चूक मुलांची नव्हती, माझ्या कागदाची होती. बार आपल्या 'एक'पासून सुरू होऊन शेवटच्या बीटला भरतो. आवर्तन मात्र समेपासून निघून समेवरच येतं. 'एक' ही सुरुवातही असते आणि पोचण्याची जागाही. आता मी अशा ठिकाणी पाचवा बार काढते, त्यात पहिल्या बीटला एक क्रॉचेट आणि पुढे रेस्ट.

पहिल्या बारमध्ये एकच बीट आहे. छापताना चुकलंय का?

चुकलेलं नाही. गाणं 'एक'च्या आधीच उठतं, त्या सुरुवातीच्या तुकड्याला पिकअप किंवा अनाक्रुसिस म्हणतात. वाढदिवसाला केक कापताना आपण जे इंग्रजी गाणं म्हणतो ते ३/४ मध्ये आहे आणि त्याचे पहिले दोन छोटे स्वर तिसऱ्या बीटवर येतात. जोर पडतो तो त्यांच्यानंतर. जुन्या रीतीप्रमाणे शेवटच्या बारमधून तेवढा भाग कमी करतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा अपुरा बार मिळून एक पूर्ण होतो.

ज्यांनी बंदिश शिकली आहे त्यांना यात नवल वाटत नाही. मध्यलय त्रितालातल्या कितीतरी बंदिशींचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) नवव्या मात्रेला, खालीवर उठतो आणि समेवर येतो. गडकरी रंगायतनला एखाद्या मैफलीत मांडीवर ताल धरून बसलेले रसिक पाहा. मुखडा उठला की त्यांचा हात समेची वाट पाहायला लागतो.

रूपक आणि झपताल स्टाफवर कसे लिहायचे?

रूपक सात मात्रांचा: ती ती ना, धी ना, धी ना. ७/४ किंवा ७/८ लिहा, पण गट ३+२+२ असा बांधा. मंडईच्या भाषेत टोमॅटो, कांदा, कांदा. नुसतं ७/८ लिहून सोडलं तर वाजवणारा २+२+३ ही करू शकतो, आणि मग त्याचा रूपकाशी संबंध उरत नाही. शिवाय रूपकाची समच खालीवर असते. म्हणजे ज्या जागी पाश्चात्त्य वादक सवयीने सगळ्यांत जोरात वाजवणार, तिथेच आपल्याला हात हलका हवा. हे लेखी सूचना देऊनही पहिल्या तालमीत कुणालाही जमत नाही.

झपताल दहा मात्रांचा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. ५/४ चे दोन बार, २+३ च्या बांधणीने.

पाचाची गंमत तिकडेही आहे. चायकोव्स्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग ५/४ मध्ये आहे, आणि तो २+३ असा चालतो. १९५९ साली डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने वाजवलेली पॉल डेस्मंडची 'टेक फाइव्ह' ही रचनाही ५/४ मध्येच, पण ३+२. आकडा एकच आणि डोलणं उलटं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि कांदा आधी येतो की टोमॅटो ते सांगा.

एकताल बारा मात्रांचा, मग १२/८ का नाही?

१२/८ म्हणजे चार टोमॅटो. एकताल म्हणजे सहा कांदे, दोन-दोनचे सहा विभाग. बेरीज जुळली म्हणून ताल जुळत नाही. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचा तर विचारच सोडा. तिथे एका आवर्तनाला मिनिटाच्या आसपास वेळ लागू शकतो. तो बारमध्ये कोंबण्याचा खटाटोप मी केला आहे, कागद वाया गेले.

आकड्यांऐवजी 'सी' सारखं चिन्ह आहे. तो 'कॉमन टाइम'चा सी का?

वाजवायचं ४/४ च, पण ते अक्षर नाही, अर्धवट वर्तुळ आहे. मध्ययुगीन युरोपात तीनच्या विभागणीला 'पूर्ण' मानत आणि पूर्ण वर्तुळाने दाखवत, दोनच्या विभागणीला तुटक्या वर्तुळाने. तेच तुटकं वर्तुळ आजवर टिकलं. त्यातून उभी रेघ गेली असेल तर २/२, म्हणजे मिनिमला एक बीट.

टाइम सिग्नेचरवरून गाणं जलद की संथ हे कळतं का?

नाही. लय वेगळी लिहितात: इटालियन शब्दाने, किंवा 'क्रॉचेट बरोबर ६०' अशा आकड्याने. ३/८ लिहिलेलं गाणं ३/४ पेक्षा जलदच असेल असं नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही एकसारखी वाटू शकतात.

मेट्रोनोमबद्दल मात्र थोडं सांगते, कारण तिथे मुलं हमखास अडकतात. ६/८ च्या तुकड्यावर 'डॉटेड क्रॉचेट बरोबर ६०' लिहिलंय, म्हणजे क्लिक मिनिटाला ६० आणि प्रत्येक क्लिकमध्ये तीन क्वेव्हर. मुलं अ‍ॅपमध्ये ६० लावतात आणि प्रत्येक क्वेव्हरला एक क्लिक धरतात. गाणं तिप्पट संथ होतं आणि 'टीचर, हे बोअर आहे' असा मेसेज येतो.

कीबोर्डवर दादऱ्याचं गाणं वाजवायला वॉल्ट्झ रिदम लावला तर?

चालून जाईल, पण प्रत्येक तीन मात्रांनी सारखाच 'धप्प' येत राहील आणि दुसऱ्या अर्ध्याची खाली बुजेल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत दादरा आणि केरवा तयार असतात. ते नसतील तर वॉल्ट्झपेक्षा ६/८ चा रिदम बरा.

भातखंडे पद्धतीतल्या उभ्या रेघा म्हणजेच बारलाइन का?

दिसतात तशाच, पण भातखंडे पद्धतीत (पं. विष्णु नारायण भातखंडे, १८६०–१९३६) रेघ विभाग दाखवते आणि विभागाखाली त्याचं चिन्हही असतं: समेला गुणिले, खालीला शून्य, बाकी टाळ्यांना २, ३, ४. म्हणजे कुठलीही रेघ पाहून आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं. बारलाइन तसं सांगत नाही. ती फक्त 'एक डबा भरला' एवढंच म्हणते.

त्याच्या बदल्यात स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक स्वराची लांबी त्याच्या आकारातच दिसते. भातखंडे पद्धतीत एका मात्रेत दोन किंवा चार स्वर असतील तर खाली कंस काढतात, आणि आतली वाटणी कानावर सोपवलेली असते. कोणती पद्धत चांगली, हा वाद पालक सभेत एकदा झाला होता. मी दोन्ही वापरते. बंदिशीला भातखंडे, दोन हातांच्या वादनाला स्टाफ.

शाळेत मराठीत वृत्तांच्या मात्रा शिकवतात. त्याच का या मात्रा?

नातं जवळचं आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: लघु-गुरू-गुरू हा यगण चार वेळा. लघुची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, म्हणजे प्रत्येक गणाच्या पाच. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ तशी तोडली तर 'मनास', 'ज्जनाभ', 'क्तिपंथे', 'चिजावे' असे चार गट पडतात. स्टाफवर लिहायचं तर एक क्वेव्हर आणि दोन क्रॉचेट, ५/८ चे चार बार. 'ऑड मीटर फार अवघड' म्हणणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी हेच म्हणायला लावते. म्हणताना कुणी शेवटचा गुरू एका मात्रेने ताणला की त्याचे सहा होतात आणि गाडी ६/८ वर येते. ताणू नका म्हटलं की पहिल्यांदा जीभ अडखळते.

मुलगी गांधर्वच्या परीक्षा देते आणि एबीआरएसएमच्याही. गोंधळ होईल का?

होतो, पण फार काळ टिकत नाही. (एबीआरएसएम म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणारं ब्रिटिश मंडळ.) माझ्याकडच्या काही मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका देतात आणि त्याच वर्षी स्टाफची ग्रेडही. फक्त उत्तरपत्रिकेत सरमिसळ नको: तिकडे 'आवर्तन' आणि 'विभाग', इकडे 'बार' आणि 'बीट'. एबीआरएसएमच्या थिअरीत ५/४, ७/८ ही अनियमित टाइम सिग्नेचर पाचव्या ग्रेडला येतात. झपताल आणि रूपक हातावर असलेल्या मुली त्या धड्याला एका तासात हातावेगळं करतात.

माझा मुलगा मोठ्याने मोजतच नाही. लाजतो. काय करू?

बारा-तेरा वर्षांची मुलं लाजणारच. आकडे मोजायला सांगू नका, हातावर ताल द्यायला सांगा. तेही नको असेल तर पायाचा अंगठा बुटाच्या आत हलवू दे. उत्तर छेदणारा तो सातवीतला मुलगा पुढे परीक्षेला बसला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. दाराच्या काचेतून दिसत होतं, साइट रीडिंगचा (न पाहिलेला तुकडा तिथेच वाचून वाजवायचा) कागद समोर आल्यावर त्याचे ओठ हलायला लागले. परीक्षकांनी काहीतरी विचारलं, तो हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "टीचर, त्यांनी विचारलं, हू इज टोमॅटो?"